शास्त्रज्ञांची मेडलं आणि आमची धडधड

कुणी घरी आलं आणि म्हणालं, "दाखव की गं तुझी मेडलं," की माझी पंचाईत होते. डबा उघडते, पहिलं मेडल हातात देते आणि म्हणते, "हे आलं ना, तेव्हा काय झालं माहितीये?" झालं! चहा येतो, चहा गार होतो, पाहुणे चपला घालतात आणि डब्यातली बाकीची मेडलं फडक्यात गुंडाळलेलीच राहतात. मेडलं हळूहळू जमतात हो. किस्से मात्र आपोआप साठतात, माळ्यावर सामान साठावं तसे. आणि आमचे किस्से घडताना कुणाला हसू येत नाही, हेही सांगून ठेवते. घडताना सगळ्यांच्या छातीत धडधडच असते.

मेडल म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर घोटाळा होतो. तळहातावर मावेल असं जाडजूड ब्राँझचं चकतं. एका बाजूला शास्त्रज्ञाचा चेहरा, दुसऱ्या बाजूला त्याने लावलेल्या शोधाचं चित्र. कुणाची जन्मशताब्दी, कुणाच्या शोधाची आठवण, अशा निमित्ताने देशोदेशी काढतात. आम्ही चार-पाच जण ती टपालाने मागवून जमवतो. मी शुभा, गिरगावात राहते, विमा कंपनीत नोकरी करते. मला आकाशवाले आवडतात, म्हणजे दुर्बिणी आणि ग्रहताऱ्यांचे लोक. शिवाजी पार्कचे रेगे डॉक्टर आमच्यातले ज्येष्ठ, दातांचे डॉक्टर होते, आता रिटायर. लालबागचा नंदू परब ट्रॅव्हल एजन्सीत आहे. घोडपदेवचा मिलिंद जाधव परळच्या एका हॉस्पिटलात एक्स-रे काढतो. आणि ज्यांनी आम्हा सगळ्यांना ही सवय लावली ते दादरचे दामले सर, कॉलेजात केमिस्ट्री शिकवायचे.

आम्ही शास्त्रज्ञांना नावाने हाक मारत नाही. फ्रेंच आणि जर्मन उच्चारांवरून डॉक्टर आणि सर यांचं एकदा इतकं वाजलं की भजी तशीच उरली. तेव्हापासून सफरचंदवाले, दुर्बिणवाले, लसवाले अशीच नावं पडली. शास्त्रज्ञांची हरकत आलेली नाही.

*

नंदू परबला मुलीकडचे बघायला आले होते तेव्हाची गोष्ट. ती मंडळी ठाण्याहून आलेली. नंदूच्या आईने घर चकचकीत केलेलं, आणि नंदूने मोठ्या अभिमानाने शोकेसमध्ये मेडलं मांडून ठेवलेली. आम्ही त्याला सांगितलं होतं, "अरे, त्या दिवसापुरती आत ठेव." ऐकतोय कसला!

मुलीचे काका शोकेससमोर जाऊन उभे राहिले. बराच वेळ बघत होते. काका वळले आणि एकदम आदराने म्हणाले, "अरे वा! म्हणजे मुलगा स्पोर्ट्स कोट्यातून लागलाय का नोकरीला?"

नंदूची बोबडी वळली. नाही म्हणावं तर पाहुण्यांचा हिरमोड, हो म्हणावं तर लग्नाआधीच थाप. तो नुसताच "अं… म्हणजे…" करत राहिला. काकांनी पुढे विचारलं, "धावण्यात का?"

आतून नंदूच्या आईचा आवाज आला, "खयचो धावता! ह्यो धावता तो फकत पोस्टमनच्या पाठसून!"

मुलगी फसकन हसली. तिचं नाव सुप्रिया. आता ती परबांची सून आहे आणि पोस्टमन आला की तीच आधी धावते.

*

माझं एक पार्सल परदेशातून आलं आणि कस्टम्समध्ये अडकलं. समक्ष येऊन खुलासा करा, असा निरोप. मी आयुष्यात कधी कुणाला खुलासा दिलेला नाही. आमचे हे म्हणाले, "तुला सांगत होतो, असल्या भानगडी नकोत." हे वाक्य ते कुठल्याही प्रसंगी म्हणतात, पण त्या दिवशी जरा जास्तच लागलं.

टेबलापलीकडे एक वयस्कर अधिकारी बसले होते. माझं पार्सल त्यांच्यासमोर उघडं पडलेलं. त्यांनी मेडल हातात घेतलं, वजन जोखलं.

"सोन्याचं आहे?"

"नाही हो, ब्राँझचं."

"तुम्हाला मिळालं?"

"मिळालं म्हणजे… विकत घेतलं."

"दुसऱ्याचं मेडल विकत घेतलंत?"

मेडल दुसऱ्याचं नाही, दुसऱ्यावर आहे, हे त्यांना कसं सांगायचं? ते मेडलावरचा चेहरा निरखत होते. म्हणाले, "हा कोण?"

मग मी बोलायलाच लागले. घाबरले की मी फार बोलते. म्हटलं, "हे दुर्बिणवाले. ह्यांनी आकाशात बघून सांगितलं की पृथ्वी सूर्याभोवती फिरते. ते तिथल्या धर्मपीठाला आवडलं नाही. म्हातारपणी चौकशी लावली, गुडघे टेकायला लावले, चूक झाली म्हणून वदवून घेतलं."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे केस होती ह्यांच्यावर?"

"होती."

"मग सुटले का?"

"नाही हो. घरातच कैद करून ठेवलं. तिथेच गेले."

साहेबांनी पुन्हा एकदा तो चेहरा बघितला. मेडल परत कागदात गुंडाळलं, चिकटपट्टी लावली, शिक्का मारला आणि पार्सल माझ्याकडे सरकवून म्हणाले, "न्या. आपण तरी सोडू या त्यांना."

*

ब्राँझला एक रोग होतो. खरंच! दमट हवेत मेडलावर तांब्याच्या गंजाची फिकट हिरवी भुकटी धरायला लागते. बोटाने पुसावी तर दोन दिवसांनी परत हजर. आणि एकाला झाला की शेजारच्यालाही होतो की काय, या भीतीने आम्हाला झोप लागत नाही. मुंबईत दमट नसलेली हवा आणायची कुठून?

नंदूच्या लसवाल्यांना हा रोग झाला. कुत्रा चावल्यावरची लस ज्यांनी शोधली, ते. गालावर हिरवा ठिपका. नंदूला कुणीतरी सांगितलं होतं की पाण्यात पडलेला मोबाइल तांदळात ठेवला की सुकतो. झालं, त्याने डोकं चालवलं. स्वयंपाकघरातल्या तांदळाच्या बरणीत मेडल खोल खुपसून ठेवलं आणि हा ऑफिसला निघून गेला. घरात कुणाला सांगितलं नाही.

रविवारी दुपारी सगळे जेवायला बसले. नंदूचा अर्धा भात खाऊन झाला, आणि त्याला आठवलं.

"आये, ह्यो भात खयच्या तांदळाचो?"

"बरणीतल्या. तांदळात तुझो कोण तो म्हातारो होतो, त्याका काढून खिडकीत ठेवलंय."

नंदूने ताट सारलं. आईचं सारलं, बायकोचं सारलं. मिलिंदला फोन लावला, कारण आमच्यात हॉस्पिटलवाला तोच. आता मिलिंद म्हणजे आम्हा सगळ्यांत भित्रा! साधी शिंक आली तरी छातीचा फोटो काढू या म्हणणारा माणूस. त्याला तांब्याचा गंज आणि पोट एवढंच ऐकू आलं. ओरडला, "नंदू, आत्ताच्या आत्ता कॅज्युअल्टीला जा!"

गेले. टॅक्सीत चौघे: नंदू, सुप्रिया, आई आणि पुराव्यादाखल लसवाले. सुप्रियाला तेव्हा दिवस गेलेले होते, म्हणून नंदू प्रत्येक सिग्नलला टॅक्सीवाल्याला हॉर्न मारायला सांगत होता. ड्यूटीवरच्या डॉक्टर मुलीने सगळ्यांना तपासलं, मेडल उलटंपालटं केलं, भुकटी केवढी होती ते विचारलं. नंदूच्या आईने सांगितलं की तांदूळ नेहमीसारखे चार पाण्यांनी धुतले होते, आणि मेडलाच्या आजूबाजूचे हिरवट दिसले ते आधीच काढून टाकले होते. "मी काय आंधळी आसंय?" असंही विचारलं. डॉक्टरीण हसली. म्हणाली, "काही होणार नाही. तरी संध्याकाळपर्यंत थांबा, मी लक्ष ठेवते."

संध्याकाळपर्यंत तिघं बाकावर बसून. कुणाला काही झालं नाही. बाळालाही नाही, ते पुढे वेळेवर आणि गुटगुटीत झालं. निघताना नंदूची आई मेडलाकडे बघून म्हणाली, "कुत्रो चावलो तर ह्याची लस घेवची, आणि ह्याच्या बरणीतलो भात खाल्लो तर हॉस्पिटलात यावचा! कसलो मेलो डॉक्टर तुझो!"

*

रेगे डॉक्टरांची मेडलं आमच्यात सगळ्यांत जुनी. जुन्या ब्राँझवर काळपट तपकिरी झाक चढते. वर्षानुवर्षं हवा लागून आलेली ती झाक म्हणजेच मेडलाचं खरं रूप. ती गेली की मेडल गेलं. डॉक्टर तर मेडलांना हात लावण्याआधी हात धुतात, पुसतात आणि मग मोजे घालतात.

दसऱ्याला त्यांच्या वहिनी साताऱ्याहून आल्या होत्या. प्रेमळ बाई, एक मिनिट स्वस्थ बसणार नाहीत. डॉक्टरांनी आदल्या संध्याकाळी मेडलांचा ट्रे देवघरासमोर आणून ठेवला. "आमची शस्त्रं हीच," म्हणाले. आणि सकाळी नेहमीप्रमाणे पार्कात फिरायला गेले.

दसऱ्याचं सोनं द्यायला मी आणि मिलिंद सकाळीच त्यांच्याकडे पोचलो. डॉक्टर नुकतेच परतले होते आणि देवघरासमोर उभे होते. बूटसुद्धा काढले नव्हते. ट्रेमधली मेडलं अशी झगझगत होती की देवांच्या समया फिक्या पडाव्यात! सगळे शास्त्रज्ञ एकदम पिवळेधमक. शेजारी चिंचेचा कोळ, मीठ आणि नारळाची शेंडी.

"किती मळ होता हो भाऊजी!" वहिनींचा चेहरा आनंदाने फुललेला. "पहाटेपासून बसले. आता बघा कसे ओळखू येतात सगळे!"

मिलिंदने माझा दंड धरला. मला वाटलं, डॉक्टर आता खाली बसणार. त्यांचं बीपी आम्हाला माहीत होतं. त्यांनी खुर्चीची पाठ धरली. मग अगदी बारीक आवाजात म्हणाले, "वा. फार… फार मेहनत घेतलीत, वहिनी."

एवढं बोलून ते आतल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. आम्ही दाराशी. आतून काही ऐकू येईना. मिलिंद कुजबुजला, "शुभाताई, ढकलू का?" मी म्हटलं, "थांब जरा." मी हाक मारली, "डॉक्टर?" आणि कान दाराला लावला.

तेवढ्यात वहिनी पदराला हात पुसत आल्या. दारावर टकटक केलं आणि म्हणाल्या, "भाऊजी, सगळे झाले, एकच राहिलाय. त्याच्या दाढीत चिंच अडकलीय. तुमच्याकडे जुना टूथब्रश आहे का हो?"

आतून आधी खोकल्यासारखा आवाज आला. मग लक्षात आलं, डॉक्टर हसत होते. दार उघडलं तेव्हा डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते हसण्याचं किती आणि कशाचं किती, आम्ही विचारलं नाही. ब्रश मात्र त्यांनी नवाकोरा दिला.

*

आमची गिरगावातली चाळ जुनी. तिसऱ्या मजल्यावर मी. एका पावसाळ्यानंतर खालच्या मजल्याच्या तुळईला तडा दिसला आणि सगळ्यांची झोप उडाली. रिडेव्हलपमेंट होणार, होणार असं मी लग्न होऊन आल्यापासून ऐकतेय. पण तोवर घर उभं राहायला नको का? जिना चढताना लोक कठड्याला हात न लावता चढायला लागले. कशाला हलवा!

तातडीने मीटिंग झाली, पहिल्या मजल्याच्या गॅलरीत. तडा गेला होता तो बरोबर दुसऱ्या मजल्यावरच्या नाडकर्णींच्या डोक्यावर, म्हणून ते सगळ्यांत जास्त घाबरलेले. ते उठून म्हणाले, "वरच्या लोकांनी लोड कमी केला पाहिजे. कुणाकुणाच्या घरात धातू साठवलाय!" आणि थेट माझ्याकडे बघितलं.

सगळ्या माना वळल्या. मी सांगत होते की एवढीशी मेडलं आहेत, त्याने काय होणार? पण भ्यालेल्या माणसाला सांगून उपयोग नसतो, आणि खरं सांगायचं तर मलाही मनात वाटून गेलं, आपलीच तर नाही ना ही करणी? शेवटी डबे खाली आणले. कोपऱ्यावरच्या वाण्याचा काटा आणला. सगळ्यांसमोर माझे आकाशवाले तागडीत बसले.

शेजारच्या खोलीतल्या बर्वे मावशी आकडा बघायला पुढे वाकल्या. मावशी अंगाने भरपूर. बघितलं आणि म्हणाल्या, "एवढंच? ह्यापेक्षा कितीतरी जास्त तर मी एकटी आहे. मग मलाही खाली उतरवणार की काय?"

कुणी हसणार, इतक्यात वरून छताचा भलामोठा पोपडा सुटला आणि मीटिंगच्या मधोमध धप्पकन पडला. बायका किंचाळल्या. नाडकर्णी खुर्चीखाली. धूळ खाली बसली.

आणि मावशी हात वर करून म्हणाल्या, "मी हललेसुद्धा नाही हं!"

दुसऱ्या दिवशी इंजिनिअर आला. गळका पाइप आणि गंजलेली सळई, असं त्याने सांगितलं. टेकू लागले. माझे आकाशवाले निर्दोष सुटले, पण मी अजूनही घरात टाचा उचलून चालते.

*

दामले सर गेले ते अगदी अचानक. सकाळी पेपर वाचत होते आणि गेले. आम्ही चौघे त्यांच्या घरी भेटायला गेलो. खोलीत माणसं भरलेली. दामले काकू भिंतीशी बसल्या होत्या, समोर सरांचा फोटो आणि हार. सर गेल्यापासून त्या रडल्या नव्हत्या, आणि त्याचीच त्यांच्या मुलीला काळजी लागली होती. दारातच आम्हाला म्हणाली, "आई बोलतच नाहीये हो. पाणीसुद्धा घेत नाही."

आम्ही बसलो. रेगे डॉक्टर सारखे खिशाला हात लावत होते. मी डोळ्यांनी दटावलं. डॉक्टर आणि सर यांची मैत्री म्हणजे रोज भांडण, आणि भांडल्याशिवाय दोघांना करमायचं नाही. डॉक्टरांचा चेहरा ओढलेला होता, पण खिशावरचा हात काही हटेना.

आणि ऐन शांततेत डॉक्टरांच्या खिशातून तुतारी वाजली! तुतारी, मग टाळ्या, मग एक बाई ठणठणीत इंग्रजीत अभिनंदन करायला लागली. सगळी खोली वळून बघतेय. डॉक्टरांना फोन बंद करता येईना. नंदूने झडप घालून फोन दाबला. सरांचे एक नातेवाईक मोठ्याने म्हणाले, "काही काळवेळ आहे की नाही?"

डॉक्टर लालबुंद. मान खाली. आणि तेव्हा काकू पहिल्यांदा बोलल्या.

"लिलाव होता का?"

डॉक्टरांनी मान डोलावली.

"कुठला? ह्यांच्या मूलद्रव्यांच्या तक्त्यावाल्यांचा?"

सर ते मेडल किती वर्षं शोधत होते! दोनदा हातचं गेलं होतं. डॉक्टर पुटपुटले, "गेल्या आठवड्यात त्यानेच मला बोली लावायला बसवलं होतं. काल हे असं झालं… मग मध्येच कसं सोडायचं, वहिनी? मी लावत राहिलो."

"मिळालं?"

"मिळालं."

काकूंनी दोन्ही हातांनी डोळे पुसले. कधी भरून आले होते ते कळलंच नाही. म्हणाल्या, "मग मला काय सांगता? त्यांना दाखवा!"

रेगे डॉक्टर उठले. चष्मा सावरला, फोनवर मेडलाचं चित्र मोठं केलं आणि सगळ्या लोकांसमोर सरांच्या फोटोपुढे धरून उभे राहिले. काकू मुलीला म्हणाल्या, "नीट दिसत नसेल त्यांना. लाइट लाव गं." आणि मग म्हणाल्या, "आणि मला पाणी दे."

*

आता मिलिंदचा.

मिलिंदची आई शेवंताबाई. घोडपदेवच्या चाळीत राहतात. नवरा गिरणीत होता, छातीच्या आजाराने लवकर गेला. त्यानंतर शाळेत आयाची नोकरी करून त्यांनी मिलिंदला आणि त्याच्या बहिणीला शिकवलं. मिलिंदची मेडलं त्याच पुसतात, फडक्याने. कोरड्या, मऊ, मिलिंद सांगेल तशाच. पुसताना प्रत्येकाची गोष्ट विचारतात. त्यांची सगळ्यांत आवडती रेडियमबाई. नवरा गाडीखाली गेला, दोन मुली पदरात, तरी कामाला जायची सोडली नाही, हे ऐकल्यापासून त्या तिला आपल्यातलीच धरतात. युद्धात ती गाड्यांमधून एक्स-रेची मशीनं घेऊन जखमी सैनिकांकडे जायची, हे तर त्या चाळीत सगळ्यांना सांगतात.

शेवंताबाईंचा खोकला जाईना. कफ सिरप झालं, काढे झाले. वजन उतरलं. एक दिवस रुमालावर रक्ताचा ठिपका दिसला आणि मिलिंदने आम्हाला ग्रुपवर एवढंच लिहिलं, "आईला उद्या आणतोय." एरवी शिंकेला घाबरणारा मिलिंद. पण ह्या वेळी एक शब्द जास्त नाही. मला तेच जास्त भीतीचं वाटलं. मी रजा टाकून गेले.

हॉस्पिटलच्या बाकावर शेवंताबाई पदर घट्ट लपेटून बसल्या होत्या. मिलिंदचा सहकारी म्हणाला, "तू बस बाहेर, मी काढतो फोटो." शेवंताबाई म्हणाल्या, "नको. माझा मीलू काढंल."

मिलिंदने विचारलं, "आई, दागिने काढलेस? साखळी? बांगड्या?"

"काढल्या. शुभाकडं दिल्या."

"आत एकटीनेच जायचं. कुणाला सोडत नाहीत. घाबरायचं नाही."

"मी कशाला घाबरू?"

त्या आत गेल्या. मिलिंद काचेच्या मागे गेला. हजारो लोकांना सांगितलेलं वाक्य त्याने म्हटलं, "श्वास घ्या… धरून ठेवा… सोडा." दार अर्धवट उघडं होतं, मला त्याची पाठ दिसत होती. पडद्यावर फोटो उमटला आणि त्याची पाठ ताठ झाली. मग दोन्ही हात टेबलावर टेकले. मी धावत आत गेले.

पडद्यावर बरगड्या, आणि डाव्या बाजूला, बरोबर हृदयावर, एक पांढराशुभ्र गोळा.

मिलिंद मला नंतर म्हणाला, "ताई, धातूची सावली कशी दिसते हे मला झोपेतसुद्धा कळतं. पण त्या क्षणी मी टेक्निशियन नव्हतोच. मला फक्त बाबा दिसले."

मग त्याने डोळे पुसून परत बघितलं. कड फारच रेखीव होती. गाठ इतकी गोल नसते. त्याने तिथूनच विचारलं, "आई, ब्लाउजमध्ये काय आहे?"

"काही नाही."

"आई!"

सिस्टर आत गेल्या. शेवंताबाई पदर सोडेनात. शेवटी रुमालाची पुरचुंडी बाहेर आली, आणि तिच्यात रेडियमबाईचं मेडल. मिलिंद एकदम ओरडलाच, "आई, मी तुला विचारलं होतं ना, दागिने काढलेस का?"

"मग? ही दागिना आहे काय?" शेवंताबाईसुद्धा तेवढ्याच जोरात. आणि मग आवाज एकदम खाली आला. "कालच तू म्हणालास आत कुणाला सोडत नाहीत. तुझ्या बापाला असंच एकट्याला आत नेलं होतं. म्हटलं, हिला ह्या मशीनची माहिती आहे. ही असू दे सोबत."

मिलिंदने हात पुढे केला. मेडल घेतलं. परत काचेमागे आला. आईला दिसेल असं ते एका हाताने काचेला लावून धरलं आणि दुसरा हात बटणावर ठेवला. आतून शेवंताबाई काचेकडे टक लावून बघत होत्या.

"श्वास घ्या… धरून ठेवा…"

फोटो निघाला. मिलिंद पुढचं म्हणायला विसरला. मीच ओरडले, "सोडा हो, सोडा!" तेव्हा आई आणि मुलगा, दोघांनीही एकदम श्वास सोडला.

रिपोर्ट देणाऱ्या मॅडम वरच्या मजल्यावर बसायच्या. मिलिंद आणि मी त्यांच्या टेबलासमोर उभे होतो. मॅडमनी दुसरा फोटो बराच वेळ बघितला. इतका वेळ, की मिलिंदने माझी बाही पकडली. मग त्या म्हणाल्या, "खाली न्यूमोनियाचा पॅच आहे. कफ तपासायला पाठवू. पण गाठबीठ काही नाही. औषधाने बऱ्या होतील."

मिलिंदने हळूच माझी बाही सोडली.

मॅडमनी पहिला फोटो उघडला. चष्मा वर केला, खाली केला. "आणि मिलिंद, ह्यात हार्टवर हे गोल काय आहे?"

"मॅडम," मिलिंद म्हणाला, "त्या पेशंटसोबत आलेल्या बाई आहेत."

मॅडमनी त्याच्याकडे बघितलं. त्याच्या डोळ्यांकडे बघितलं. आणि परत स्क्रीनकडे वळून म्हणाल्या, "अरे, मग बाहेर बसवायचं ना त्यांना."

"बसेनात, मॅडम."